क्रिस्परच्या भरवशावर लग्न करावं का?

(पत्र थोडी काटछाट करून छापते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

"ताई, मी २६ वर्षांची, चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दिवाळीनंतर माझं साक्षगंध झालं. मुलगा चाकणला कंपनीत आहे, स्वभावाने चांगला आहे, रोज बोलणं होतं. मी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची नुसती वाहक, एएस पॅटर्नची आहे हे मला डी.एड.ला असताना शिबिरात कळलं होतं आणि ते मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्याने स्वतःची टेस्ट मात्र आत्ता केली. तोही एएस निघाला. त्याचे मोठे भाऊ म्हणतात, पत्रिका छापायच्या आहेत, आत्ताच मोडा, आपल्या घरात हे नको. माझी आई म्हणते, कोणाला सांगू नका, लग्न होऊन जाऊ द्या. तो म्हणतो, घाबरू नको, अमेरिकेत जनुक कापून सिकलसेल बरा करतात, आता पुण्याची कंपनीही ते करणार आहे, आपल्याला मूल होईपर्यंत औषध आलेलं असेल. एका बाळासाठी सहा महिन्यांत औषध बनवल्याचा व्हिडिओही त्याने पाठवला. पण माझा मामेभाऊ एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्णच, आहे. थंडीत त्याला क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला की तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडतो, कोणी हात लावला तरी ओरडतो. ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. मी हो म्हणू की नको? आणि त्याचा एक मित्र म्हणतो, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवलं की पुढे उपचार होतो. ते खरं का?"

तुझं पत्र वाचताना आधी तुझ्या त्या पहिल्या भेटीचं कौतुक वाटलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पगार निघतो, शेती निघते, पुण्यातला फ्लॅट निघतो. रक्ताचा रिपोर्ट कोणी काढत नाही. तू काढलास. म्हणून आज तुमच्या हातात विचार करायला वेळ आहे. नाहीतर ही गोष्ट बहुतेक जोडप्यांना पहिलं बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं, हातपाय सुजून रडायला लागलं, तेव्हा कळते.

उत्तर आधी देऊन टाकते. दोघं एएस आहात एवढ्यावरून लग्न मोडू नकोस. आणि क्रिस्पर, म्हणजे तो सांगतो ते जनुक कापायचं तंत्र, येतंय एवढ्यावरून करूही नकोस. तुमचं ठरणार आहे ते तिसऱ्याच एका प्रश्नावर, आणि तो तुम्ही एकमेकांना अजून विचारलेला दिसत नाही. त्याकडे येते. आधी रिपोर्ट बघू.

त्याची टेस्ट नेमकी कोणती झाली? शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन करतात ती सोल्युबिलिटी. त्यात रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. कागदावर 'एस'चा (सिकलच्या हिमोग्लोबिनचा) आकडा साधारण ३० ते ४० टक्के आणि 'ए'चा (साध्या हिमोग्लोबिनचा) त्याहून जास्त असेल, तर एएस. तुझी स्वतःची टेस्ट शिबिरातली आहे, म्हणून तूही एचपीएलसी करून घे. तुमच्या जिल्ह्यात यासाठी लांब जायची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपुरातच आहे.

समजा दोघंही एएसच आहात. मग हिशेब असा: प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, तुमच्यासारखं एएस असण्याची ५० टक्के, आणि अगदी साधं एए असण्याची २५ टक्के. 'प्रत्येक' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार. चारात एक म्हणजे एक झालं की पुढची तीन सुटली, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. तसं नसतं. दर खेपेला पत्ते नव्याने पिसले जातात. एकाच घरात दोन्ही मुलं एसएस, आणि शेजारच्या घरात चारही मुलं ठणठणीत, असं दोन्ही होतं.

आता त्याच्या क्रिस्परकडे. तो सांगतो ते खोटं नाही, आणि त्याची टर उडवावी असं तर मुळीच नाही. १६ नोव्हेंबर २०२३ला ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला, सरकारी मान्यता मिळालेला जगातला हा पहिला उपचार, आणि तो सिकलसेलवर. ज्या आजाराने आफ्रिकेतली, अमेरिकेतली काळी माणसं आणि आपल्याकडचे आदिवासी, दलित पिढ्यान्‌पिढ्या कण्हत राहिले आणि औषध कंपन्यांनी फारसं वळून पाहिलं नाही, त्याच्या वाट्याला हा पहिला मान यावा याचं मला अजून नवल वाटतं.

यात काय करतात ते नीट समजून घे, कारण सगळी गोम तिथे आहे. सिकलसेलमध्ये चूक एका अक्षराची असते. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचं जे जनुक आहे, त्यात डीएनएच्या 'ए' या अक्षराच्या जागी 'टी' येतो. तेवढ्याने हिमोग्लोबिनचा एक घटक बदलतो, प्राणवायू कमी पडला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. कॅसजेव्ही ही चूक दुरुस्त करतच नाही. ते आडवाटेने जातं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यावर सिकलचा परिणाम होत नाही. म्हणून तर एसएस बाळ पहिले पाच-सहा महिने छान गुटगुटीत दिसतं. नंतर हे गर्भातलं हिमोग्लोबिन बनणं जवळजवळ थांबतं. ते थांबवणारं एक जनुक आहे, बीसीएल११ए. रक्त ज्यांपासून बनतं त्या मूळपेशींमध्ये (स्टेमसेल) या जनुकाचा तांबड्या पेशींपुरता असलेला खटका क्रिस्परने कापला की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. चाचणीत ज्यांची पुरेशी पाहणी झाली अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर एकही मोठा क्रायसिस आला नाही. ज्याने तुझ्या मामेभावाची थंडी पाहिली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ कळेल.

पण व्हिडिओत दवाखान्याचा भाग दोन मिनिटांत आटपतात. आधी रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, कधी कधी दोन-तीन खेपा कराव्या लागतात. त्या प्रयोगशाळेत जातात, तयार होऊन यायला काही महिने लागतात. मग बुसल्फान नावाचं कडक केमोचं औषध देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करतात, आणि त्यानंतर दुरुस्त पेशी सोडतात. पुढे कित्येक आठवडे दवाखान्यात, संसर्ग होऊ नये म्हणून वेगळ्या खोलीत. त्या केमोने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. २०२३मध्ये मान्यता मिळाली ती १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, आजच्या भावाने १८ कोटींच्या वर. त्यात दवाखान्याचा खर्च धरलेला नाही.

पुण्याच्या कंपनीची बातमीही खरी आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचं क्रिस्पर तंत्र तयार केलं. नोव्हेंबर २०२५मध्ये, बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, 'बिरसा १०१' या नावाने ते जाहीर झालं आणि पुढच्या कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं गेलं. स्वस्तात करायचं हे त्यामागचं उद्दिष्टच आहे, आणि लशींच्या बाबतीत त्या कंपनीने ते करून दाखवलं आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांना असं काही जमेल का, ही शंकाही बाजूला ठेव. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांच्या मूळपेशींत जनुक घालून रक्तस्राव थांबवल्याचा निकाल डिसेंबर २०२४मध्ये जगापुढे आला. मात्र तंत्र जाहीर होणं, माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या होणं, मान्यता मिळणं आणि चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून ते मिळणं, यात किती वर्षं जातील हे आज कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा.

आणि तो बाळाचा व्हिडिओ. ते बाळ अमेरिकेतलं, फिलाडेल्फियाचं. केजे म्हणून त्याची ओळख झाली. त्याच्या यकृतात एक विकर (एन्झाइम) नीट बनत नव्हतं आणि रक्तात अमोनिया साचत होता. डॉक्टरांनी त्याच्या एकट्याच्या चुकीसाठी औषध बनवलं, २०२५च्या सुरुवातीला ते शिरेतून दिलं, आणि बाळ सुधारलं. मीही तो व्हिडिओ दोनदा पाहिला. पण ते यकृताचं काम होतं. असं औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून सोडतात, आणि ते थेंब आपोआप यकृतात जाऊन पोहोचतात. हाडांच्या मगजातल्या मूळपेशींपर्यंत त्यांना नेणं अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. ते साधलं तर केमो नको, आठवडेच्या आठवडे कोंडून घेणं नको. सिकलसेलची गोष्टच पालटेल. त्या दिवसाची मीही वाट बघते. फक्त त्यावर साक्षगंधाची अंगठी तोलायची नाही.

कारण वर्षांचा हिशेब कर. पुढच्या वर्षी लग्न, २८-२९व्या वर्षी मूल. ते मूल १२ वर्षांचं होईल २०४०च्या आसपास. म्हणजे उपचार आला, परवडला, सगळं जुळून आलं असं धरलं, तरी पहिली दहा-बारा वर्षं तुम्हाला आजच्या औषधांवरच काढायची आहेत. आणि एसएस मुलाला सगळ्यात जास्त धोका नेमका पहिल्या पाच वर्षांत असतो. साध्या तापातला संसर्ग पाहता पाहता रक्तात पसरतो. पाणथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साचून ती पोटात वाढते; ती बोटांनी चाचपून कशी बघायची हे आईला शिकावं लागतं. न्यूमोनियाची लस, रोजचं पेनिसिलिन, फोलिक ॲसिड, तुमच्याकडच्या मे महिन्यात पाण्याची बाटली सतत हाताशी, अंगात ताप आला की रात्र असो की सण, दवाखाना. नोकरी सांभाळून हे कोण करणार आहे? चाकणची शिफ्ट की चंद्रपूरची शाळा?

इथे एक गोष्ट मला तुझ्या मामेभावासाठी सांगायची आहे, तू विचारली नसलीस तरी. तो हायड्रॉक्सियुरिया घेतो का? ही साधी गोळी आहे, जुनी आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. ती करते काय, तर शरीरातलं गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते. १८ कोटींचा उपचार ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने ही गोळी हळूहळू चालते. आपल्याकडच्या सिकल रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळात बरं असतं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी थोड्या डोसातही मुलांचे क्रायसिस, रक्त चढवण्याच्या खेपा कमी झाल्याचं दाखवलं आहे. तरीही कितीतरी घरांत ही गोळी 'कॅन्सरची आहे' म्हणून डब्यातच राहते. ती कॅन्सरमध्येही देतात, हे खरं. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करत, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायची असते, हेही खरं. पण त्याला थंडीत भिंतीकडे तोंड करून पडावं लागत असेल, आणि गोळी सुरू नसेल, तर लग्नाचं राहू दे, आधी त्याला घेऊन जा. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. त्याचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही बघा.

आता तो तिसरा प्रश्न.

आज तुमच्या हातात जे खरंखुरं आहे ते म्हणजे गर्भाची तपासणी. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अगदी छोटा तुकडा सुईने घेऊन त्यातल्या डीएनएवरून बाळ एए, एएस की एसएस हे सांगता येतं. ती वेळ चुकली तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलातून. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. अनुभवी हातात तो शंभरात एकाच्याही खाली येतो. आई म्हणेल, गर्भाची तपासणी म्हणजे बेकायदा. नाही. बंदी आहे ती लिंग सांगण्यावर. त्याच कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला स्पष्ट परवानगी आहे, फक्त नोंदणी असलेल्या केंद्रात. आणि गर्भपाताचा कायदा २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही परिस्थितींत २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी देतो. आयव्हीएफ करून गर्भ रोवण्याआधीच तपासायचा, हीही वाट आहे. खर्च लाखांत, आणि पहिल्या खेपेला यश येईलच असं नाही.

तर त्याला विचार: बाराव्या आठवड्यात रिपोर्ट आला आणि त्यावर एसएस लिहिलेलं असेल, तर आपण काय करायचं?

याचं बरोबर उत्तर माझ्याकडे नाही. गर्भ ठेवायचा नाही असं ठरवणारी जोडपी मी पाहिली आहेत, आणि आम्हाला तपासणीच नको, येईल ते आमचं, असं म्हणून पहिल्या दिवसापासून बाळाची नीट काळजी घेणारीही पाहिली आहेत. काहींनी दत्तक घेतलं. तू तुझ्या मामेभावाकडे बघून 'हा जन्मालाच यायला नको होता' असं म्हणू शकतेस का? शकत नसशील, तर गर्भपाताचा विचार तुला आतून पोखरेल, आणि ते त्याला आत्ताच कळायला हवं. उलट, आणखी एक मूल असं कण्हताना बघणं तुला शक्य नसेल, तर तेही त्याला कळायला हवं. कारण ज्या दिवशी रिपोर्ट हातात येईल, त्या दिवशी त्याच्या घरचेही बोलतील, तुझी आईही बोलेल, आणि पोट तुझं असेल. तेव्हा तो कोणाच्या बाजूला उभा राहणार, हे लग्नाआधी कळण्यासारखं आहे. तो 'तेव्हाचं तेव्हा बघू, तोवर औषध येईल' एवढंच म्हणत राहिला, तर मी तुझ्या जागी असते तर लग्नाची तारीख पुढे ढकलली असती. आजाराच्या भीतीने ढकलली नसती. अवघड बोलणं टाळणाऱ्या माणसाबरोबर असं गरोदरपण काढणं फार एकटं पडायचं काम आहे, म्हणून.

आईला समजावून सांग, लपवणं आता तसंही शक्य नाही. गरोदरपणात तुझी सिकलची तपासणी होणारच, तुझ्या कार्डावर ती लिहिली जाणार आणि मग नवऱ्याचीही मागणार. आदिवासी भागांत ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं राष्ट्रीय अभियान २०२३पासून चालू आहे. आशाताई दारात येऊन उभी राहते. एएस असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. तू शाळा शिकवतेस, तो शिफ्ट करतो, दोघांना काही होत नाही. हे जनुक आपल्याकडे इतकं टिकलं, त्याचं कारणच असं की एएस माणसांना जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात ज्यांचे पूर्वज जगले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगात ते आहे.

आणि 'आपल्या घरात हे नको' म्हणणाऱ्या त्याच्या दादांना माझा निरोप दे. धाकट्याला हे जनुक आई किंवा वडिलांकडूनच आलं आहे. म्हणजे ते घरात आधीपासून आहे, आणि दादा स्वतः एएस असण्याची शक्यता किमान निम्मी आहे. त्यांनी टेस्ट केली आहे का? वहिनींनी? त्यांना मुलं असतील तर हा प्रश्न तुमच्या पत्रिकेपेक्षा घाईचा आहे. तू भांडायच्या सुरात विचारू नकोस. त्याला विचारू दे.

नाळेचं रक्त: पैसे घालवू नका. बाळ एसएस असेल तर त्याच्या नाळेतल्या मूळपेशींतही तेच जनुक असणार, त्या त्यालाच परत देऊन उपयोग काय? सिकलसेलमध्ये सख्ख्या भावंडाचा, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणारा मगज चालतो, आणि त्याने रुग्ण बरेही होतात. पण तो निर्णय मूल आजारी निघाल्यावर हिमॅटॉलॉजिस्टबरोबर, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरबरोबर, घ्यायचा असतो. प्रसूतीच्या वॉर्डात हप्त्यांचा तक्ता घेऊन फिरणाऱ्या माणसाबरोबर नव्हे. 'स्टेमसेलचे इंजेक्शन' देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्यालाही लांबूनच नमस्कार.

लग्न करायचं ठरलं तर एवढं करा. दोघांचे एचपीएलसीचे रिपोर्ट एका फाईलमध्ये घालून चंद्रपूरच्या केंद्रात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा, त्याला रजा काढायला लाव. गर्भाची तपासणी कुठे होते, खर्च किती, आधी कोणते नमुने द्यावे लागतात, हे तेव्हाच लिहून घ्या. आणि पाळी चुकली की त्याच आठवड्यात त्यांना फोन कर. बहुतेक बायका तिसरा महिना सरल्यावर येतात, आणि मग बाराव्या आठवड्याची तपासणी हातची गेलेली असते.